चांदीची केरसुणी

आमच्या घरी केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करायची पद्धत आहे. माझी आजी याबाबतीत फार कडक होती. रात्री अंधारात पाणी प्यायला उठलेल्या माणसाचा पाय चुकून केरसुणीला लागला, तरी आतल्या खोलीतून आवाज यायचा, "केलास का नमस्कार?" अंथरुणात पडल्यापडल्या तिला ते कसं कळायचं, हे मला आजवर कळलेलं नाही. "लक्ष्मी आहे ती," एवढंच ती सांगायची. पुढे मी बी. कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. गेली वीसेक वर्षं दिवसभर लोकांची लक्ष्मी मोजतो आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या लक्ष्मीला पाय लागणार नाही याची काळजी घेतो.

हे सांगायचं कारण असं की, जगात एका खेळाची अशी अजिंक्यपद स्पर्धा होऊन गेली, जिचं मानचिन्ह म्हणजे चक्क एक चांदीची केरसुणी होती. स्पर्धेचं नावही तेच. आणि त्या स्पर्धेतल्या सगळ्यात गाजलेल्या सामन्याचा निकाल लागला तो एका माणसाचा पाय लागल्यामुळे! आजी असती तर तिला याचं काडीचंही आश्चर्य वाटलं नसतं.

या खेळाची आणि माझी गाठ पडली ती तापात. तीन दिवस रजा घेऊन अंथरुणात पडलो होतो. माझा भाचा कॅनडात, विनिपेगला असतो. त्याला माझ्या तापाची बातमी कळली, तेव्हा त्यानं "मामा, पडल्यापडल्या हे बघ, डोक्याला त्रास नाही" असं लिहून कर्लिंगच्या जागतिक स्पर्धेतला एक सामना पाठवून दिला. मी तो लावला. एक धट्टाकट्टा माणूस बर्फावर गुडघा टेकल्यासारखा घसरत आला आणि त्यानं हातातला भलामोठा दगड सोडला. सोडला तोही किती हलक्या हातानं! झोपलेल्या मुलाच्या मानेखालून आपण हात काढून घेतो ना, तसा. दगड आपल्या गतीनं, म्हणजे सरकारी फायलीच्या गतीनं, पुढे निघाला. लगेच दोघेजण त्याच्या पुढे धावून जिवाच्या आकांतानं बर्फ झाडायला लागले. चौथा पार पलीकडच्या टोकाला उभा राहून नुसता ओरडत होता. एकानं काम सोडून द्यायचं, दोघांनी त्याच्यापुढे धावत झाडत सुटायचं आणि चौथ्यानं लांबून ओरडायचं! मला घरी असूनही आपल्या शाखेत बसल्यासारखं वाटायला लागलं.

इतक्यात सौ. दारात आली. तिच्या हातात खरी केरसुणी होती.

"हे काय बघताय?"

"वर्ल्ड चॅम्पियनशिप."

"कसली? झाडण्याची?"

"कर्लिंग म्हणतात त्याला. मोठा खेळ आहे."

ती मिनिटभर बघत उभी राहिली आणि जाताजाता म्हणाली, "कोपरे काढत नाहीत."

तिचं म्हणणं खरं होतं. पण कोपरे काढणं हा त्या झाडण्याचा हेतूच नाही, हे मला ताप उतरेपर्यंत समजलं होतं. ज्याला कॅरम येतो त्याला कर्लिंग समजायला वेळ लागत नाही. पंचेचाळीस मीटर लांबीचा एक अरुंद कॅरमबोर्ड कल्पनेत आणा. तो बर्फाचा आहे. पलीकडच्या टोकाला बारा फूट व्यासाचं वर्तुळ आहे, त्याला 'घर' म्हणतात. एका संघात चौघे, प्रत्येकाचे दोन दगड, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड टाकून झाले की एक डाव संपला. त्याला 'एंड' म्हणायचं. घराच्या मध्यबिंदूला ज्याचा दगड सगळ्यात जवळ, त्यालाच त्या डावात गुण. दुसऱ्याला शून्य. असे दहा डाव. दगड वीस किलोला किंचित कमी, वर धरायला मूठ. पाहिल्यावर जात्याचा वरचा दगड खुंट्यासकट उचलून आणलाय असंच वाटतं.

झाडण्याचं गमक असं की, बर्फ साधा गुळगुळीत नसतो. त्याच्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवलेले असतात. म्हणजे थंडीत अंगावर काटा येतो तसा बर्फावर काटा आणलेला असतो. पुढे झाडत गेलं की तो घासून किंचित गरम होतो, दगड दोन-तीन मीटर लांब जातो आणि कमी वळतो. वळण्याची भानगड तर आणखीच मजेदार आहे. स्टीलचा पेला जेवणाच्या टेबलावर पालथा घाला आणि घड्याळाच्या काट्यांसारखी गिरकी देऊन पुढे ढकला. तो डावीकडे वळतो. कर्लिंगचा दगड तशीच गिरकी देऊन सोडला तर तो उजवीकडे वळतो! असं का, यावर मोठमोठे पदार्थविज्ञानवाले अजून एकमेकांशी भांडताहेत. मी तापातून उठल्यावर पेल्याचा प्रयोग करून पाहिला. पेला डावीकडे वळला, टेबलावरून खाली गेला आणि त्याला पोचा आला. विज्ञानाबाबत माझं सहकार्य तिथे संपलं.

आता इतिहास. खेळ स्कॉटलंडचा. त्याची सगळ्यात जुनी लेखी नोंद आहे १५४१ सालची, आणि मला सांगायला अभिमान वाटतो की ती कुणा कवीनं किंवा राजानं केलेली नाही, एका नोटरीनं केलेली आहे. पेझली गावच्या मठातला जॉन स्क्लेटर नावाचा एक साधू आणि गॅव्हिन हॅमिल्टन नावाचा एक गृहस्थ यांच्यात बर्फावर दगड टाकण्याची चुरस लागली. ती सुरू होण्याआधी नोटरीसाहेबांनी आपल्या वहीत लॅटिनमधून रीतसर नोंद केली. हे माझ्या वर्गाचं काम! खेळाडू दगड टाकून घरी जातात, पाचशे वर्षं शिल्लक राहते ती कारकुनाची नोंद. आमच्या शाखेतली रजिस्टरं वाळवीपासून वाचली तर तीही राहतील.

त्यानंतरची तीनशे वर्षं माणसं तळी गोठण्याची वाट पाहत खेळत राहिली. १८३८ साली एडिंबरोत कॅलेडोनियन क्लब निघाला आणि त्यानं नियम ठरवले. १८४२ साली व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट स्कोन राजवाड्यात उतरले असताना त्यांना हा खेळ दाखवायचं ठरलं. पण बर्फ कुठून आणणार? शेवटी राजवाड्यातल्या गुळगुळीत लाकडी जमिनीवरच दगड घसरवून दाखवले. राणीनंही एक टाकून पाहिला. पुढल्याच वर्षी क्लबच्या नावामागे 'रॉयल' लागलं. साहेब खूश झाला की बढती होते, हे तिथेही आहे. कार्सब्रेकला तर या क्लबानं स्वतःचं तळं केलं आणि तिथे केवळ कर्लिंगवाल्यांना उतरण्यासाठी रेल्वेचं स्टेशन होतं. आमच्या गावचे लोक किती वर्षं जादा गाडीसाठी अर्ज करताहेत!

दगडाचीही कुळकथा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात एल्सा क्रेग नावाचं एक ओसाड बेट आहे. माणूस राहत नाही, सगळा कारभार समुद्रपक्ष्यांचा. तिथला ग्रॅनाइट इतका घट्ट विणीचा की त्यात पाणी शिरत नाही, आणि पाणी शिरत नाही म्हणून गोठून तडा जात नाही. मॉखलिन गावातली एक पेढी १८५१ सालापासून त्याचे दगड घडवते आहे. थोडक्यात म्हणजे, जगज्जेते बदलत गेले तरी दगड एकाच डोंगराचे.

जागतिक स्पर्धा मात्र फार उशिरा आली, १९५९ साली. आणि ती कुणी सुरू करावी? स्कॉच व्हिस्की गाळणाऱ्यांच्या संघटनेनं! नाव 'स्कॉच कप'. व्हिस्कीवाल्यांनी बर्फाच्या खेळाला मदत करावी, यात मला तरी विसंगत काही दिसत नाही. 'जागतिक' म्हणायचं खरं, पण देश दोनच होते, स्कॉटलंड आणि कॅनडा. स्कॉटलंडमधून कॅनडात गेलेल्या लोकांनी हा खेळ बरोबर नेला होता आणि त्यांची मुलंनातवंडं आता आजोळी येऊन आजोबांशी खेळणार होती. आजोबांना वाटलं, पोरं आहेत, शिकवू. पोरांनी पाचपैकी पाच सामने जिंकले.

ही पोरं म्हणजे कॅनडातल्या रजायना शहरचे रिचर्डसन. एर्नी रिचर्डसन, त्याचा सख्खा भाऊ आणि दोन चुलतभाऊ. चार भाऊबंद एका बाजूनं खेळतात आणि जिंकतातही, ही गोष्ट आपल्याकडे सांगितली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. आपल्याकडे चार चुलतभाऊ एकत्र दिसले तर लोक विचारतात, कोर्टाची तारीख आहे का? एर्नीच्या संघानं १९५९, १९६०, १९६२ आणि १९६३ अशी चार जागतिक अजिंक्यपदं मिळवली. तेव्हा कॅनडात झाडायला गवती काड्यांची खरीखुरी केरसुणी वापरत. झाडताना फटाक् फटाक् आवाज व्हायचा आणि काड्या बर्फावर पडायच्या. केर काढता काढता केर करणारी ही एकमेव केरसुणी असावी.

हळूहळू इतर देश आले. १९६१ साली अमेरिका, १९६२ साली स्वीडन, मग नॉर्वे, स्वित्झर्लंड. १९६५ साली अमेरिकेनं कॅनडाला पहिल्यांदा गादीवरून खाली ओढलं. १९६८ साली व्हिस्कीवाले बाजूला झाले आणि एअर कॅनडा ही विमान कंपनी पुढे आली. तिनं नवं मानचिन्ह केलं, तीच ही चांदीची केरसुणी. 'एअर कॅनडा सिल्व्हर ब्रूम' याच नावानं ही स्पर्धा १९८५ सालापर्यंत झाली.

आता मी ज्यासाठी हा सगळा केर काढत आलो तिथे आलो. १९७२ साल. गाव गार्मिश-पार्टेनकिर्शेन, त्या वेळच्या पश्चिम जर्मनीतलं. अंतिम सामना कॅनडा आणि अमेरिका यांच्यात. कॅनडाचा कप्तान ऑरेस्ट मेलेशक, हाही विनिपेगचाच. अमेरिकेचा कप्तान रॉबर्ट लाबॉण्ट. शेवटचा डाव, अमेरिका ९, कॅनडा ७, आणि शेवटचा दगड मेलेशकच्या हातात. त्याला बरोबरीसाठी दोन गुण हवेत. कॅनडाचा एक दगड घरात मोक्याच्या जागी आहे. आता अमेरिकेचा दगड उडवायचा आणि आपला तिथेच ठेवायचा. मेलेशकनं दगड सोडला. अमेरिकेचा दगड उडाला, पण त्याचा स्वतःचा दगडही थांबेना. घरंगळत घरंगळत कडेच्या बाजूला गेला आणि अशा जागी थांबला की अमेरिकेचा दुसरा दगड जवळ की हा जवळ, हे साध्या डोळ्यांना सांगता येईना.

अशा वेळी काय करायचं असतं? मोजायचं असतं. दोन्ही बाजूंच्या उपकप्तानांनी शांतपणे जवळ यायचं, बघायचं, पटलं नाही तर मापाची काठी मागवायची. पण अमेरिकेच्या उपकप्तानाला वाटलं, जिंकलो! त्यानं झाडू उंचावला. तो पाहून लाबॉण्टनं आनंदानं उडी मारली. उडी मारायला हरकत नव्हती, पण खाली बर्फ होता. पाय सटकला, लाबॉण्ट पडला, आणि पडताना त्याचा पाय कॅनडाच्या नेमक्या त्याच दगडाला लागला. दगड हलला!

मी हे दृश्य भाच्याला पुन्हा पाठवायला सांगून चार वेळा पाहिलं. मला त्या लाबॉण्टची इतकी दया आली! कारण आता मोजणार काय? दगड जागेवर नाही. ज्याच्यामुळे हलला, संशयाचा फायदा त्याला मिळत नाही. कॅनडाला दोन गुण दिले गेले. ९-९. जादा डाव झाला, कॅनडानं त्यात एक गुण घेतला आणि १०-९ अशी केरसुणी नेली. कदाचित मोजलं असतं तरी तो दगड कॅनडाचाच ठरला असता. कदाचित नसता. ते आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

आणि मग सुरू झाली साडेसाती. म्हणतात की लाबॉण्टनं कॅनडाला शाप दिला. त्यानं दिला की लोकांनी त्याच्या नावावर जमा केला, हा भाग सोडा, पण खतावणी अशी आहे: १९७३ स्वीडन, १९७४ अमेरिका, १९७५ स्वित्झर्लंड, १९७६ अमेरिका, १९७७ स्वीडन, १९७८ अमेरिका, १९७९ नॉर्वे. १९७३ सालची स्पर्धा तर रजायनाला होती, रिचर्डसन बंधूंच्या दारात! ज्या देशात गल्लोगल्ली कर्लिंगचे क्लब, तो देश सलग सात स्पर्धा रिकाम्या हातानं परत आला. शेवटी १९८० साली मंक्टनला रिक फोकच्या संघानं जिंकून दाखवलं. आपल्याकडे शनी साडेसात वर्षं घेतो. लाबॉण्टनं सात स्पर्धांवर भागवलं, म्हणजे अर्ध्या वर्षाची सूट दिली म्हणायची. पायाचा प्रताप, दुसरं काय! आजीनं नमस्कार करायला लावला असता तर एवढं रामायण झालंच नसतं.

हे सगळं मी सौ.ला रंगवून सांगत होतो. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, "आणि बायकांची स्पर्धा कधी सुरू झाली?"

"१९७९ साली. स्कॉटलंडातच, पर्थ गावी. पहिली स्वित्झर्लंडच्या बायकांनी जिंकली."

"म्हणजे पुरुषांच्या वीस वर्षांनंतर?"

"हो."

"छान! केरसुणी हातात आमच्या हजारो वर्षं, आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप आधी तुमची!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला दुसरीच माहिती दिली. त्याच १९७९ सालच्या फेब्रुवारीत स्कॉटलंडच्या मेंटीथच्या तळ्यावर उत्तर विरुद्ध दक्षिण असा उघड्यावरचा मोठा सामना झाला, तो शेवटचा. त्यानंतर तसा योग आलेला नाही. २०१० साली तळं गोठलं होतं, पण सुरक्षिततेच्या काळजीनं बेत मोडला. म्हणजे फेब्रुवारीत आजोबांचं तळ्यावरचं खेळणं संपलं आणि मार्चमध्ये नातींचं आत, छपराखाली सुरू झालं. पुढे १९८९ साली पुरुष आणि बायका यांच्या स्पर्धा एकाच ठिकाणी भरायला लागल्या. हे जॉइंट अकाउंट २००४ सालापर्यंत चाललं. २००५ पासून पुन्हा वेगवेगळी खाती.

आता तर खेळ आशियातही पसरलाय. २००९ साली चीनच्या बायकांनी जागतिक अजिंक्यपद नेलं. २०२२ साली दक्षिण कोरियाच्या मुलींनी रौप्यपदक मिळवलं. त्या पाचही जणींचं आडनाव किम. परदेशी लोकांचा घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी न्याहारीच्या पदार्थांवरून टोपणनावं घेतलीत. एक पॅनकेक, एक स्टेक, असं. आमच्या शाखेत चार कुलकर्णी आहेत. पोहे, उपमा, शिरा, मिसळ अशी विभागणी मी मनातल्या मनात केव्हाच केलेली आहे आणि मिसळ कोण हे सांगायची गरज पडू नये. पुरुषांमध्ये स्वीडनच्या निक्लास एडिनच्या नावावर २०२४ सालापर्यंत सात अजिंक्यपदं जमा झाली होती. सात! मला एक बढती मिळवायला दोन परीक्षा द्याव्या लागल्या, आणि बढती अजून मिळायची आहे.

पण हे आकडे सांगण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. या खेळाची एक रीत मला फार छळायला लागली. आपला पाय किंवा झाडू चालत्या दगडाला लागला, तर ते आपणच सांगायचं. समोरच्यानं पाहिलेलं नसलं तरी, पंचानं पाहिलेलं नसलं तरी. नियमांच्या पुस्तकात सुरुवातीलाच लिहिलंय की खरा कर्लर अन्यायानं जिंकण्यापेक्षा हरणं पत्करतो. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला पहिला पेला पाजायचा, हीही रीत. २०१५ साली नव्या कापडाचे झाडू निघाले. त्यांनी दगड हवा तसा हाकता येऊ लागला, नेमबाजाची किंमत उरेना. तेव्हा बंदी यायच्या आधी मोठमोठ्या संघांनी आपण होऊन सह्या केल्या की आम्ही हे वापरणार नाही. २०१६ साली शास्त्रज्ञांना बोलावून चाचण्या झाल्या आणि सगळ्यांना एकाच जातीचं कापड ठरवून दिलं. खेळाडूंनी स्वतःची सोय स्वतःहून सोडली, हे वाचून मी चष्मा काढून पुसला.

छळण्याचं कारण पाचशे रुपये.

नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. नवंनवं लग्न. मार्चअखेरची संध्याकाळ, मी कॅश काउंटरवर. माझ्या खिशात साडेआठच्या नाटकाची दोन तिकिटं. ड्रॉवर मोजला, बेरीज मारली आणि सगळ्यांच्या आधी ओरडलो, "टॅली!" शाखेत टाळ्या पडल्या. लोकांनी डबे पिशव्यांत घातले. आमचे हेड कॅशियर, त्यांना सगळे अण्णा म्हणत, तेवढे उठले नाहीत. त्यांनी सवयीनं पुन्हा मोजलं. पाचशे कमी. पुन्हा मोजलं. पाचशे कमीच.

मला लखकन आठवलं. दुपारी एका घाईतल्या माणसाला मी गठ्ठा एकदाच मोजून दिला होता. नोटा कोऱ्या होत्या, चिकटल्या असणार. अण्णांनी चष्म्यावरून आम्हां दोघा काउंटरवाल्यांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कोणाच्या हातून झालं?" मी पंख्याकडे पाहायला लागलो. शेजारचा खरंच निर्दोष होता, तो काय बोलणार? अण्णांनी अर्धा मिनिट वाट पाहिली. मग स्वतःच्या पाकिटातून पाचशेची नोट काढून कॅशमध्ये ठेवली, सही केली आणि म्हणाले, "चला, घरी जा. माणसं वाट बघताहेत." त्या वेळी पाचशे रुपये म्हणजे काही थोडी रक्कम नव्हती. मी नाटकाला गेलो. नाटक विनोदी होतं. लोक हसत होते.

हे मी त्या रात्री भाजी निवडून झाल्यावर सौ.ला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते नाटक मला आठवतंय. तुम्ही मध्यंतरात बटाटेवडा नको म्हणालात. मला वाटलं, माझ्याबरोबर लाजताय."

"आता काय त्याचं! अण्णा रिटायर होऊनही सात-आठ वर्षं झाली. शिवाय ती पाचशेची नोटसुद्धा २०१६ साली बाद झाली."

"त्या १९२४ सालच्या पदकाचं काय सांगत होतात तुम्ही सकाळी?"

माझी जीभ मलाच नडते ती अशी. सकाळी चहा पिताना मीच तिला सांगितलं होतं. १९२४ साली शामोनीला पहिले हिवाळी ऑलिम्पिक झाले, तेव्हा कर्लिंगमध्ये ब्रिटनच्या संघानं, म्हणजे सगळ्या स्कॉटिश मंडळींनी, स्वीडनला ३८-७ आणि फ्रान्सला ४६-४ असं धुऊन काढलं. पण पुढे सगळ्यांनी तो नुसता प्रात्यक्षिकाचा खेळ धरला. ग्लासगोच्या एका वर्तमानपत्रानं जुनी कागदपत्रं उकरून प्रकरण लावून धरलं, आणि २००६ साली ऑलिम्पिक समितीनं मान्य केलं की होय, ते पदक पक्कंच होतं. ब्याऐंशी वर्षांनी थकबाकी मंजूर! मिळवणाऱ्यांपैकी घ्यायला कुणी उरलेलं नव्हतं. मी ते पेन्शनच्या फरकाशी जोडून विनोदानं सांगितलं होतं.

"त्यांना ब्याऐंशी वर्षांनी मिळालं," सौ. म्हणाली. "अण्णा अजून आहेत ना?"

रविवारी गेलो. अण्णा गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. तब्येत ठीक, मान तेवढी हलते. मी शंभराच्या पाच नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. मधे कर्लिंगही आलं, लाबॉण्टही आला. ते त्यांना कितपत कळलं, देव जाणे. त्यांनी नोटा उचलल्या, मोजल्या. उलट्या करून पुन्हा मोजल्या. एक नोट उजेडाकडे धरून पाहिली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तू पंख्याकडे बघत होतास."

"त्यावरून कसं कळलं, अण्णा?"

"अरे, पंखा जानेवारीपासून दुरुस्तीला गेलेला होता. तिथे नुसता हूक होता."

आतून चहा आला. अण्णांनी नोटा वर्तमानपत्राखाली ठेवल्या, कप पुढे सरकवला आणि आतल्या दिशेनं हाक मारून नातवाकडून कागद आणि पेन्सिल मागवली.

"आता व्याजाचं बघू," ते म्हणाले. "सेव्हिंग्जच्या दरानं धरू की फिक्स्ड डिपॉझिटच्या?"